घराला अर्थ हवा!

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेव्हा 'अर्थ' हा माझ्या पोटापाण्याचाच विषय म्हणायचा. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ असे अर्थाचे तीन प्रकार मी गेली वीस वर्षे मुलांना समजावून सांगत आलो आहे. परंतु या तिन्हींखेरीज आणखी एक अर्थ असतो. तो जमिनीत पुरलेला असतो, प्रसंगी माणसाचा जीव वाचवतो, आणि नेमका तोच माझ्या घरात नाही, हा शोध मला दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात लागला. शोध लावून दिला तो आमच्या भागातल्या एका वृद्ध वायरमनकाकांनी. त्या दिवशी जे शिकलो ते कोणत्याही पदवी परीक्षेत मला कोणी विचारले नव्हते. म्हणूनच ते येथे लिहून ठेवतो आहे.

खामगावचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. घाटाखालच्या आम्हा लोकांचे ते उन्हाळ्यातले कुलदैवतच! त्याला सकाळ-संध्याकाळ पाण्याचा अभिषेक घालावा लागतो. लाईन गेली तरी आईची दुपारची झोप मोडू नये म्हणून मी तिच्या खोलीतला कूलर इन्व्हर्टरवर जोडून घेतला होता, आणि त्यात मोठा पुरुषार्थ केला असे मला वाटत होते. त्या दुपारी लाईन गेली. कूलरमधले पाणी आटलेले. मी रबरी नळी घेऊन पाणी भरायला लागलो. आई म्हणाली, "अरे, आधी बटण बंद कर."

"लाईनच गेलीय, आई. बटण कशाला?" मी म्हणालो.

आणि मौज पाहा! समोर कूलरचा पंखा गरागरा फिरत होता, त्याचा वारा माझ्या तोंडावर येत होता, आणि मी, एक एम. ए. झालेला माणूस, वीज नाही असे खुशाल सांगत होतो! दुसरा हात मी टेकूसाठी कूलरच्या पत्र्यावर ठेवला मात्र. पुढचे मला नीट आठवत नाही. हात पत्र्याला चिकटला, तो काही केल्या सुटेना, आणि तोंडातून शब्द फुटेना. आई धावली, पण धावली ती माझ्याकडे नव्हे, भिंतीकडे. तिने आधी बटण पाडले आणि मग मला हात लावला. तिने तसे केले नसते, मला आधी धरले असते, तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो आणि वाचायला ती उरली नसती.

तीन भोके, दोन तारा

संध्याकाळी वायरमनकाका आले. त्यांचा पहिला प्रश्न मला चमत्कारिक वाटला. "सर, जनरेटर हाय काय घरी?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. मग त्यांनी कूलर उघडला, मोटारीची उंदराने कुरतडलेली तार दाखवली, सॉकेट खोलून पाहिले, आणि चहाचा कप हातात घेत शांतपणे म्हणाले, "सर, फिटिंग झकास हाय, पण तुमच्या घराले अर्थच नाही!"

मी चमकलो. मराठीच्या प्राध्यापकाला याहून जिव्हारी लागणारे वाक्य कोणते असणार?

झाले होते ते असे. सॉकेटला भोके तीन. परंतु मागे तारा दोनच. तिसरे, वरचे मोठे भोक असते ते अर्थिंगचे, म्हणजे भूसंपर्काचे. त्याची तार घराबाहेर जमिनीत पुरलेल्या नळीपर्यंत गेलेली असावी लागते. यंत्रातली एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर वीज या सोप्या वाटेने जमिनीत उतरते आणि माणसाचा देह वाचतो. ही वाटच नसेल तर वीज पत्र्यावर दबा धरून बसते. आणि ओल्या फरशीवर उभा राहून जो कोणी पत्र्याला हात लावील, तोच तिची वाट होतो. घर बांधताना मी खिडक्यांच्या रंगाविषयी आठ दिवस खल केला होता. भूसंपर्काविषयी आठ शब्दही विचारले नव्हते.

"आणि सर," काका पुढे म्हणाले, "लाईन गेली तुमची, इन्व्हर्टर थोडाच गेला!"

या एका वाक्यात सगळे आले. 'लाईन गेली' म्हणजे खांबावरची गेली. इन्व्हर्टर असलेल्या घरात वीज कधीच पुरती जात नसते. त्या पेटीतून बाहेर पडणारी वीजही २३० व्होल्टचीच. ती खांबावरच्या विजेइतकाच कडक झटका देते. म्हणून दिवा बदलायचा असो, पंखा पुसायचा असो की कूलर भरायचा असो, आधी बटण बंद करावे, प्लग उपसून काढावा, आणि मगच हात घालावा. कूलरमध्ये पाणी भरताना लागलेल्या धक्क्याने माणूस दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यामागून उन्हाळे येतात. त्यांतले बहुतेक मृत्यू या एवढ्याशा सवयीने टळले असते.

पेटीतला पाहुणा

ही पेटी आमच्या घरांत शिरली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० सालची. २००५ मध्ये त्याचे भाग पडून महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या. आणि त्याच सुमारास महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत भारनियमनाचे दिवस आले. शेगावहून अकोल्याकडे गाडीने निघावे तर वाटेत पारसच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. आणि घरी परत यावे तर कंदिलाची काच पुसत बसायचे! त्या वर्षांत परीक्षेला बसलेल्या मुलांनी मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास केला. ज्याची ऐपत झाली त्याने इन्व्हर्टर आणला. दुकानदारांनी जनरेटर आणले. भारनियमन पुढे ओसरले, पण पेट्या राहिल्या. आणि वादळवाऱ्याने तारा तुटतात तोवर त्या राहणारही.

या पेटीचा प्राण म्हणजे बॅटरी. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही घटमाला गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली, आणि आजही घरोघर बहुधा तिचाच वंश नांदतो आहे. तिच्यात दोन-दोन व्होल्टचे सहा घट असतात, म्हणून ती बारा व्होल्टची. "बाराच व्होल्ट ना? मग तिची काय भीती?" असे पुष्कळांना वाटते. हाताला तिचा झटका बसत नाही हे खरे. पण तिच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला, तर शेकडो अँपियरचा प्रवाह एकदम वाहतो, ठिणग्या उडतात आणि पाना लाल होतो. बोटात अंगठी किंवा हातात बांगडी असेल तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून बॅटरीपाशी काम करणाऱ्याने आधी हातातले धातूचे दागिने उतरवावेत, हे उत्तम.

दुसरी गोष्ट वायूची. बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत शंभरात चार भाग एवढाही तो साचला, तर एका ठिणगीने भडकू शकतो. तरीही आपण बॅटरी ठेवतो कोठे? जिन्याखाली, बंद कपाटात, आणि काही घरांत तर चक्क देवघराच्या खाली! वर समई, खाली हायड्रोजन! बॅटरी नेहमी मोकळ्या, वारा खेळणाऱ्या जागी असावी. हा वायू हलका, तो वर चढतो. म्हणून वरच्या बाजूला झरोका हवाच. आणि पाण्याची पातळी पाहताना काडी ओढू नये. तेवढ्यासाठी खिशातल्या फोनचा दिवा पुरे.

पाण्याचेही तसेच. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या आपल्या भागात खारपाण पट्टा आहे, हे घाटाखालच्या वाचकांना ठाऊकच आहे. जे पाणी पिकाला मानवत नाही ते बॅटरीला कसे मानवेल? आम्लाचा थेंब अंगावर किंवा डोळ्यांत उडाला, तर भरपूर पाण्याने धुवत राहावे आणि डॉक्टर गाठावा.

आता हिशेबाची गोष्ट. १५० अँपियर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. त्यातली काही वीज वाटेतच गळते, आणि बॅटरी तळापर्यंत उपसूही नये. तेव्हा दिवे-पंखे मिळून ३०० वॅटचा भार असला तर नवी बॅटरी चार तासांच्या आसपास साथ देते. त्याच इन्व्हर्टरवर पाणी तापवायचा हीटर किंवा इस्त्री लावणे म्हणजे तांब्यातल्या पाण्यावर मळा भिजवायला निघणे होय. तार तापते, प्लग वितळतो, आणि आग लागायला आणखी काय हवे असते?

येणारी वीज अधिक खोडकर

वीज जाते तेव्हा नुसता अंधार होतो. उपकरणे जळतात ती बहुधा ती परत येताना. शिवारात याचे कारण रोज पाहायला मिळते. पुष्कळ शेतकरी मोटारीला ऑटोस्विच लावतात. रात्री-अपरात्री विहिरीवर जावे लागू नये, हा त्यातला हेतू, आणि त्या हेतूला दोष कोण देईल? परंतु लाईन येताच शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम उठतात, रोहित्रावर भार कोसळतो, दाब खाली-वर उसळ्या मारतो, आणि पुष्कळदा रोहित्रच जळून अख्खे शिवार कोरडे राहते. घरातल्या माणसाने यातून एवढा धडा घ्यावा की, लाईन आल्याबरोबर फ्रीज आणि टीव्ही सुरू करू नयेत. चार-पाच मिनिटे दम धरावा.

दाबाच्या या क्षणिक उसळीला इंग्रजीत सर्ज म्हणतात, आणि ती अडवणाऱ्या लहान पेटीला सर्ज प्रोटेक्टर. तिच्या पोटात जस्ताच्या भस्माची, म्हणजे झिंक ऑक्साइडची एक चकती असते. एरवी ही चकती विजेला वाट देत नाही. दाब मर्यादेबाहेर चढला की मात्र ती क्षणार्धात दार उघडते आणि जादा वीज परस्पर बाहेर काढून देते. धरणाचा दरवाजाच म्हणा ना! परंतु दरवाजा उघडला आणि पुढे नदीच नसली, तर पाणी गावातच शिरणार. ही नदी म्हणजे पुन्हा तोच भूसंपर्क. ज्या घराला अर्थ नाही त्या घरात या पेटीचे अर्धे बळ वाया जाते.

आणखी दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. पहिली अशी की, प्रत्येक फटक्यागणिक ती चकती थोडी झिजते. पेटीवरचा संरक्षणाचा दिवा विझला की पेटी संपली असे समजावे. प्लगमधून वीज येते आहे, एवढ्यावर विसंबू नये. दुसरी गोष्ट अशी की, ही पेटी क्षणाची उसळी अडवते, तासाची नव्हे. खांबावरची न्यूट्रल तार तुटली म्हणजे काय होते पाहा. वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे एकाच माळेत ओवल्यासारखी होतात आणि त्यांच्यात चारशे व्होल्टची वाटणी होते. वाटणीही कशी? ज्याच्या घरी पुष्कळ उपकरणे चालू, त्याच्या वाट्याला दाब कमी. आणि ज्याच्या घरी एक दिवा नि एक टीव्ही, त्याच्या वाट्याला जास्त! असा दाब टिकून राहिला तर ती चकती स्वतःच तापून पेटू शकते. यावर उपाय निराळा: दाब मर्यादेबाहेर गेला की जोडणीच तोडून टाकणारे यंत्र. दिवे एकाएकी लखलखू लागले किंवा एक मंद नि एक प्रखर दिसू लागला, तर पाहत बसू नये. मेन स्विच पाडून महावितरणला कळवावे.

आणि आभाळातली वीज? तिच्यापुढे दीडवितीच्या पेटीचा पाड तो काय! बेंजामिन फ्रँकलिनने १७५२ साली पतंगाचा प्रयोग केला आणि विजेला जमिनीची वाट दाखवणारी सळई जगाला दिली. तिचेही सारे सामर्थ्य जमिनीतल्या टोकातच असते. मृगाच्या आधी गडगडाट सुरू झाला की टीव्हीचा प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवावी. मात्र वीज अगदी डोक्यावर कडाडत असताना त्यासाठी धडपडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढले आहे, ते विजेची पूर्वसूचना देते. शिवारात राबणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावे.

घाटावरचा अर्थ, घाटाखालचा अर्थ

पुढच्याच आठवड्यात काकांनी अंगणात खड्डा घेतला. अडीच मीटर लांबीची जस्ताचा मुलामा दिलेली नळी, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, आणि वर पाणी ओतायला नरसाळे. खड्डा खणता खणता त्यांनी मला भूगोलही शिकवला. घाटाखालची जमीन काळी आणि खोल; पावसाळ्यात ती वीज सहज पिते, पण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, नळीभोवतीची माती सुटते, आणि ऐन कूलरच्या दिवसांत अर्थ दुबळा होतो. खारपाण पट्ट्यात माती विजेला चांगली वाट देते. पण क्षारांनी लोखंड खाऊन टाकते, म्हणून तेथे नळी वरचेवर तपासावी लागते. आणि घाटावर, बुलढाणा, चिखली, मेहकरकडे? तेथे हात-दोन हात मुरूम, त्याखाली काळा पाषाण. त्या दगडात वीज सहज उतरत नाही. म्हणून खड्डा चांगल्या मातीने भरावा लागतो, कधी दोन-दोन खड्डे जोडावे लागतात. माझे मूळ गाव मेहकर तालुक्यातले. माझा जन्म तेथला. पण पायाखालच्या दगडाचा हा स्वभाव मला त्या दिवशी कळला.

"उन्हाळाभर आठवड्याले एक बादली पाणी टाकत जा, सर," काका म्हणाले. "तुळशीले टाकता, तसंच."

भूसंपर्काचा एक जोडीदारही आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांचा तो सतत ताळा घेतो. तीस मिलिअँपियरचाही फरक पडला, म्हणजे कोठेतरी माणसाच्या अंगातून वीज चालली आहे असे समजून डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरवठा तोडतो. मात्र तो मेनकडेच बसवला आणि इन्व्हर्टरची बाजू उघडी राहिली, तर लाईन गेल्यावर पहारेकरी झोपलेला. तेव्हा त्या बाजूलाही तो बसवून घ्यावा, आणि त्याच्यावरचे तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

खांबावरचा माणूस

काम संपल्यावर मी काकांना त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे कारण विचारले. घरात शिरताच जनरेटरची चौकशी का?

त्यांनी उजवा हात पुढे केला. दोन बोटे आकसून तळव्याला चिकटलेली. "लगनाच्या घरी जनरेटर चालू होतं, सर. मेन स्विच कोणी पाडला नव्हता. मी खांबावर." एवढेच ते बोलले.

याचा उलगडा असा. रोहित्र हे दुतोंडी यंत्र आहे. अकरा हजार व्होल्टचे ते २३० करते. पण २३० उलट बाजूने शिरले तर त्याचे अकरा हजारही करते. लाईन गेली म्हणून कोणी जनरेटर सुरू करतो, त्याची तार घरातल्या एखाद्या सॉकेटात खुपसतो, आणि मेन स्विच पाडायला विसरतो. त्याच्या घरात उजेड होतो; पण तीच वीज मीटरमधून मागे फिरून खांबावर चढते, रोहित्रातून अकरा हजारांची होते, आणि लाईन बंद आहे अशा विश्वासाने तारेला हात घालणाऱ्या माणसापर्यंत पोचते. तो माणूस खांबावर चढलेला असतो तो आपल्याच घरची लाईन आणायला!

म्हणून जनरेटर लावायचा तर चेंजओव्हर स्विचमधूनच. त्याचा खटका एका वेळी एकाच बाजूला राहतो. खांब किंवा जनरेटर, दोन्ही कधीच नाहीत. दोन्ही टोकांना प्लग असलेली तार घरात असेल तर आजच तोडून टाकावी. जनरेटर घरात किंवा बंद दुकानात चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. इन्व्हर्टरचीही जोडणी जाणत्या, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

हल्ली गच्चीवर सौर पॅनेल बसवलेले लोक तक्रार करतात, "सूर्य डोक्यावर तळपतो आहे, आणि लाईन गेली की आमचीही वीज बंद! हा काय न्याय?" न्याय आहे तो हाच. बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेला सौर इन्व्हर्टर लाईन जाताच मुद्दाम थांबवलेला असतो, कारण खांबावर कोणीतरी चढलेले असू शकते. यंत्राला जी माणुसकी शिकवता आली, ती आपल्याला मेन स्विच पाडण्यापुरती तरी का जमू नये?

दिवाळी आली आहे. घरोघर रंगीत दिव्यांच्या माळा लागतील. एका पट्टीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा पट्ट्यांच्या आगगाड्या जोडल्या जातील. वाचकहो, त्या जोडण्यापूर्वी एवढे करा: सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तार आहे का ते वायरमनला विचारा, बॅटरीला मोकळी हवा द्या, आणि अंगणातल्या त्या नळीवर बादलीभर पाणी घाला. आमच्या आईने तर गेल्या वर्षीपासून एक नवीन प्रथा पाडली आहे. तुळशीपाशी पणती लावून झाली की ती दुसरी पणती त्या नळीशेजारी ठेवते. "हिनंही घर राखलंय," असे म्हणते. अर्थ सांगण्यात माझा जन्म गेला. पण या पणतीचा अर्थ मला सांगावा लागत नाही.